कोपरापासून मोजलेली बैठक : सोलापुरातील एका हिशेबनीस महिलेच्या मानदुखीचे प्रकरण

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयात गेली बावीस वर्षे हिशेब पाहणाऱ्या एका महिलेचे हे प्रकरण आहे. त्यांचे वय ५१ वर्षे, उंची १४८ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांना पावणेदोन इंच कमी. कारखान्यात मालकांपासून हमालापर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे. त्यांचे व कारखान्याचे नाव त्यांच्याच इच्छेने गाळले आहे. मी फिजिओथेरपिस्ट असून अक्का माझ्याकडे रुग्ण म्हणून आल्या होत्या. मात्र त्यांच्या दुखण्याचे मूळ शरीरापेक्षा टेबल आणि खुर्चीच्या मापांत अधिक होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले, आणि त्या उशिरासकट हे प्रकरण लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसाठी कारखाना चार दिवस बंद होता. त्या चार दिवसांत मान जवळजवळ दुखली नाही आणि कामावर परतल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारपर्यंत ती पुन्हा धरली, हे अक्कांनी पहिल्या भेटीत सांगितले होते. दुखण्याची ओळख पटवणारी याहून स्पष्ट खूण क्वचितच मिळते. त्यांच्या तक्रारी अशा होत्या : मानेच्या मागून उजव्या खांद्यापर्यंत आठ महिन्यांपासून ओढ आणि ठणका, संध्याकाळी कंबर भरून येणे, पावलांना सूज, डोळ्यांची आग, आणि गेल्या तीन महिन्यांपासून रात्री उजव्या हाताच्या अंगठ्यात व शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येऊन झोप मोडणे. वेदनेला शून्य ते दहापैकी किती गुण द्याल असे विचारल्यावर त्यांनी सात सांगितले, आणि महिन्याच्या १० ते २० तारखेच्या दरम्यान नऊ.

या तारखांना अर्थ होता. दरमहा ११ तारखेपर्यंत विक्रीचे आणि २० तारखेपर्यंत कराचे जीएसटी विवरणपत्र भरावे लागते. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला. त्यापूर्वी अक्कांच्या कामात हाताने खतावणी करणे, कपाटातून फाइल काढणे, सही घ्यायला आत जाणे अशी शरीराला हलवणारी कामे मिसळलेली असत; त्यानंतर बहुतेक सगळे काम पडद्यासमोर आले आणि महिन्यातले दहा दिवस तर त्या सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत जेवणाची सुट्टी सोडता जागच्या हलत नसत. काम वाढले असे त्या म्हणत नव्हत्या. त्यांच्या शब्दांत सांगायचे तर काम “एका जागी गोठले” होते.

पहिल्या उपायाची चूक

माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या, गळ्याला पट्टा बांधला होता, आणि त्यांच्या मालकांनी मनापासून काळजी करून एक उंच पाठीची, जाड गादीची, फिरती खुर्ची नवी आणून दिली होती. खुर्ची आल्यावर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, पण मालकांचे मन मोडू नये म्हणून अक्कांनी ते कोणाला सांगितले नाही.

मी पहिल्या भेटीत मानेचे व्यायाम दिले, दर अर्ध्या तासाने उठायला सांगितले आणि मॉनिटरची वरची कडा डोळ्यांच्या रेषेत येईल इतका तो उंच करा, असे सुचवले. अक्कांनी दुसऱ्याच दिवशी लाल कापडाच्या बांधणीच्या दोन जुन्या चोपड्या मॉनिटरखाली ठेवून तो सहा सेंटिमीटर वर घेतला. दहा दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा ठणका मानेच्या मागून थेट कवटीच्या तळापर्यंत चढला होता. दिलेला सल्ला सर्वत्र छापला जातो तोच होता, पण तो देताना मी त्यांच्या चष्म्याकडे पाहिले नव्हते. त्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा आहे. जवळचे वाचण्याचे भिंग खालच्या भागात असल्यामुळे पडद्यावरचे आकडे वाचायला त्यांना हनुवटी वर करून खालच्या भिंगातून पाहावे लागत होते. पडदा जितका उंच, तितकी मान मागे. मूळच्या जागीही ती थोडी मागे जातच होती. माझ्या सल्ल्याने ती पूर्ण मागे गेली. चाळिशी उलटलेल्या आणि असा चष्मा वापरणाऱ्या माणसाचा मॉनिटर खाली हवा, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, आणि तरीही समोर बसलेल्या बाईंच्या नाकावर तो चष्मा असताना मी ते लक्षात घेतले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. त्याच संध्याकाळी त्यांना चोपड्या काढायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मी कारखान्यात गेले.

मापे

कार्यालय म्हणजे विणकामाच्या शेडला लागून असलेली बारा बाय पंधरा फुटांची खोली. मागांचा खडखडाट भिंतीतून ऐकू येतो. अक्कांचे टेबल सागवानी, मालकांच्या वडिलांच्या वेळचे, चोपडी पसरून बसणाऱ्या मुनिमासाठी केलेले. त्याची उंची ७६ सेंटिमीटर निघाली. फळीची जाडी ३ आणि तिच्याखाली मधोमध १० सेंटिमीटरचा खण, म्हणजे मांड्यांसाठी जमिनीपासून ६३ सेंटिमीटरपर्यंतचीच जागा होती.

त्यानंतर अक्कांना अनवाणी बसवून त्यांची मापे घेतली. गुडघ्यामागच्या खळग्यापासून तळव्यापर्यंत ३८ सेंटिमीटर. पाठीच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खळग्यापर्यंत ४३. बैठकीपासून, हात सैल सोडून काटकोनात वाकवलेल्या कोपरापर्यंत २१. मांडीची जाडी १३. नव्या खुर्चीची बैठक अगदी खाली घेतली तरी ४६ सेंटिमीटरवर थांबत होती आणि तिची खोली ५१ सेंटिमीटर होती.

या आकड्यांत सगळे दुखणे लिहिलेले होते. बैठक ४६ वर आणि पाय ३८ चे, म्हणून पावले आठ सेंटिमीटर अधांतरी लोंबत, बैठकीची पुढची कडा मांडीखाली रुतत असे आणि संध्याकाळी पाय सुजत. बैठकीची खोली ५१ आणि मांडी ४३ ची, म्हणून पाठ टेकायला मागे सरकावे तर गुडघे वाकत नसत. मग अक्का खुर्चीच्या कडेवर बसत आणि ती उंच, महागडी पाठ त्यांच्या पाठीला दिवसभर शिवतही नसे. खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडत, त्यामुळे खुर्ची आत जात नसे आणि त्यांना पुढे झुकावे लागे. राहिले कोपर. ४६ आणि २१ मिळून कोपर जमिनीपासून ६७ सेंटिमीटरवर येत होते, आणि टेबलावरच्या कीबोर्डच्या कळा ७८ वर होत्या. अकरा सेंटिमीटरची ही तूट अक्का दोन्ही खांदे कानाकडे उचलून भरून काढत होत्या, दिवसाचे आठ-नऊ तास.

मी अकरा सेंटिमीटर असे नुसते सांगितले तेव्हा मालकांना त्यात काही विशेष वाटले नाही. म्हणून अक्कांना त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने हात कीबोर्डवर ठेवायला सांगितले आणि मालकांना अक्कांच्या खांद्याच्या व मानेच्या मधल्या स्नायूवर बोट ठेवून पाहायला लावले. मग अक्कांनी हात मांडीवर घेतले आणि तो स्नायू बोटाखाली वितळल्यासारखा सैल पडला. त्यानंतर खर्चाबद्दल कोणी काही बोलले नाही.

आणखी चार गोष्टी तिथेच दिसल्या. कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांच्या कळा, त्यांच्या पलीकडे माऊस. हिशेबाच्या कामात उजवा हात आकड्यांवरून उचलून दूरच्या माऊसकडे नेण्याची हालचाल सतत घडते आणि दर वेळी दंड शरीरापासून बाहेर फाकतो. कीबोर्डचे मागचे पाय उभे केलेले होते, त्यामुळे मनगट वरच्या बाजूला मोडत होते आणि तळहाताचा तळ टेबलाच्या धारदार कडेवर दाबला जात होता. मनगटाच्या अरुंद बोगद्यातून अंगठ्याकडच्या बोटांना जाणारी मध्यनाडी अशा दाबाने आवळली जाते. मनगट एक मिनिट खाली वाकवून धरायच्या चाचणीत अक्कांना चाळीस सेकंदांतच मुंग्या आल्या. आणि फोन : माल पाठवण्याबद्दलचे फोन येत तेव्हा त्या तो कान आणि खांद्यात धरून टाइप करीत. बिले व बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या) डाव्या हाताला टेबलावर आडव्या पडलेल्या असत, म्हणून नजर दर ओळीला खाली-डावीकडे आणि पुन्हा वर जाई.

मुंग्यांच्या बाबतीत केवळ बैठकीवर दोष ठेवणे बरोबर नव्हते. मधुमेह, थायरॉइडचा विकार आणि रजोनिवृत्तीचा काळ यांतही ही नाडी आवळली जाऊ शकते, म्हणून अक्कांना त्यांच्या डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्यायला सांगितली. ती व्यवस्थित आली. अंगठ्याच्या मुळाशी स्नायू झिजलेला नव्हता आणि पकडीची ताकद शाबूत होती. तसे नसते तर टेबलाची मापे घेत बसण्याऐवजी त्यांना आधी तज्ज्ञाकडे पाठवणे माझे कर्तव्य होते.

काय बदलले

सरळ उपाय म्हणजे टेबलाचे पाय कापणे. मालकांना विचारताच ते गप्प झाले. वडिलांचे टेबल कापायला लावणे मलाही प्रशस्त वाटेना. दुसरा उपाय खुर्ची उंच करण्याचा. पण कीबोर्ड टेबलावरच ठेवायचा तर बैठक ५७ सेंटिमीटरवर न्यावी लागली असती, मांड्या खणावर आपटल्या असत्या आणि पायांखाली १९ सेंटिमीटरचा ओटा लागला असता. वाट त्या खणातच होती. सुताराने खणाचा दर्शनी भाग आणि पेटी काढून त्याच जागी सरकत्या पट्ट्यांवर १८ मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी बसवली, वरचा पृष्ठभाग जमिनीपासून ६६ सेंटिमीटरवर. टेबलाला एक ओरखडाही आला नाही आणि जुना खण जसाच्या तसा माळ्यावर जपून ठेवला आहे.

आता हिशेब जुळला : फळी ६६, कीबोर्डचे पाय मिटवून कळा ६८, म्हणून कोपर ६८ वर हवे, म्हणून बैठक ४७ वर. मांडीचा वरचा भाग ६० वर येतो आणि फळीचा तळ ६४ वर, म्हणजे चार सेंटिमीटर मोकळे राहतात. पायांखाली नऊ सेंटिमीटरचा आधार लागतो. क्रम येथे महत्त्वाचा आहे. आपण सहसा पाय जमिनीवर टेकवून खुर्चीची उंची ठरवतो आणि मग टेबल जसे असेल तसे सोसतो. ज्याचे टेबल हलत नाही, त्याने कामाच्या पृष्ठभागापासून सुरुवात करून आधी कोपर, मग बैठक, आणि शेवटी पाय असे खाली उतरत यावे.

पायांखालच्या आधारासाठी अक्कांच्या सुनेने घरचा लहान चौरंग देऊ केला. मापात तो अगदी बसत होता, पण ज्यावर सत्यनारायण मांडला त्याच्यावर चपलेचे पाय ठेवायला अक्का तयार झाल्या नाहीत, आणि त्यांचे बरोबरच होते. सुताराने उरलेल्या प्लायवूडचे पुढे किंचित उतरते खोके करून दिले. त्यावर खरखरीत टॉवेलाचा तुकडा चिकटवला, म्हणजे पाय घसरत नाही.

खुर्ची मात्र बदलावीच लागली. गोदामात वीस वर्षांपूर्वीची, बिनहाताची, ४० सेंटिमीटर खोल बैठकीची, स्क्रू फिरवून वर-खाली होणारी टायपिस्टची खुर्ची धूळ खात पडली होती. तिची गादी नवी भरली. बसल्यावर गुडघ्यामागे तीन सेंटिमीटर जागा राहते आणि पाठ टेकते. कमरेच्या बाकाला आधार म्हणून विणकामात डाग पडल्याने बाजूला काढलेल्या टॉवेलाची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून ती पट्ट्याच्या उंचीवर दोऱ्याने बांधली. नवी फिरती खुर्ची आता मालक स्वतः वापरतात. त्यांची उंची पावणेसहा फूट आहे आणि त्यांना ती उत्तम बसते. ती खुर्ची वाईट कधीच नव्हती.

माऊस डाव्या हाताला घेण्याची सूचना अक्कांनी दोनदा नाकारली. टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत बहुतेक काम कळांनीच होते, माऊस लागतो तो मुख्यतः विवरणपत्राच्या संकेतस्थळावर, म्हणून महिन्याच्या अखेरच्या निवांत दिवसांत रोज अर्धा तास सराव करायचे ठरले. तीन आठवड्यांत हात बसला. बिले-बिल्ट्यांसाठी त्यांनी घरची पोथी वाचायची लाकडी ठवणी आणली (हिला त्यांची हरकत नव्हती, कारण कागद हातानेच ठेवायचे) आणि ती मॉनिटरला खेटून त्याच उंचीवर ठेवली. फोनला कानात घालायची वायरची जोडणी दिली. मॉनिटर पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून होता. मार्च उजाडला की सोलापुरात दुपारचे ऊन पडद्यावर येऊन आकडे दिसेनासे होतात आणि माणूस नकळत पुढे वाकतो. टेबल काटकोनात फिरवले, खिडकी कुशीला घेतली आणि कूलरचा झोत थेट डोळ्यांवर येत होता तो वळवला. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात. त्यात कोरडी हवा मिळाली की डोळ्यांची आग ठरलेलीच.

चष्म्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे जाताना अक्कांनी डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर मोजून नेले : ६५ सेंटिमीटर. त्या अंतराचा, संपूर्ण भिंग एकाच क्रमांकाचे असलेला वेगळा चष्मा त्यांना मिळाला. तो केवळ टेबलावर राहतो. या एका वस्तूने मानेला जितका आराम दिला तितका माझ्या व्यायामांनी दिला नसता, असे माझे प्रामाणिक मत आहे. मनगटासाठी रात्री सरळ धरून ठेवणारी पट्टी सहा आठवडे वापरली.

बसणे आणि उठणे

मापे जुळली म्हणून आठ तास बसता येते असे नाही, हे मालकांना समजावणे सर्वांत अवघड गेले. बसण्याची एकच बिनचूक मुद्रा असते आणि ती ताठ धरून ठेवायची असते, हा समज आपल्याकडे शाळेपासून घट्ट आहे. स्वीडनचे अस्थिशल्यतज्ज्ञ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकापासून मणक्यांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि आधाराविना बसताना तो उभे राहण्यापेक्षा जास्त असतो असे दाखवले. १९९९ मध्ये जर्मनीत विल्के या संशोधकांच्या गटाने पुन्हा मोजले तेव्हा मागे टेकून सैल बसण्यात तो कमी आढळला आणि मुद्रा बदलत राहण्याचे महत्त्व पुढे आले. अक्कांना मी एवढेच सांगितले की कधी टेका, कधी पुढे या, कधी उभ्या राहा. कोणत्याही एका मुद्रेत गोठू नका.

अर्ध्या तासाचा गजर लावून पाहिला, पण तो दोन दिवसांत बंद झाला, कारण आकड्यांची ओळ अर्धी सोडून कोणी उठत नाही. मग उठणे कामातच गुंफले. प्रिंटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, पाण्याचा माठ दारापाशी ठेवला, आणि फोन आला की उभ्यानेच बोलायचे ठरले. दारातून अंगणातला कडुनिंब दिसतो. पाणी पिताना त्याच्याकडे पाहिले की डोळ्यांनाही दूरचे पाहायला मिळते.

फळी बसवली त्या दिवशी अक्का बराच वेळ हात कीबोर्डवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “माझे वडील हातमागावर बसायचे. मागाचा खड्डा त्यांच्या पायांच्या मापानं खणलेला. आम्ही पोरी हौसेनं बसायचो तर पाय तळाला पोचायचे नाहीत आणि कापड गळ्याशी यायचं. वडील म्हणायचे, हा माझा माग आहे, तुझा वेगळा खणू.” पाय खड्ड्यात सोडून, कोपराच्या पातळीवर कापड ठेवून विणणाऱ्या माणसांच्या या शहरात बैठक माणसाच्या मापाने करायची असते हे नवे ज्ञान नव्हे, संगणक आल्यावर ते टेबलाच्या खाली कुठेतरी हरवले.

सहा आठवड्यांनी आणि चार महिन्यांनी

सहा आठवड्यांनी रात्रीच्या मुंग्या आठवड्यातून एखाद्या वेळेवर आल्या, पावलांची सूज थांबली आणि मानेचे गुण सातावरून तीनवर आले. चार महिन्यांनी सर्वसाधारण दिवशी एक किंवा दोन, आणि १० ते २० तारखेच्या दरम्यान चार. गोळ्या बंद आहेत. चष्मा, पट्टी, फळी, खुर्ची आणि उठणे हे सगळे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने सुरू झाल्यामुळे कोणत्या बदलाने किती आराम दिला हे वेगळे काढता येत नाही. सुतारकाम, प्लायवूड आणि गादी मिळून झालेला खर्च नव्या खुर्चीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी होता.

विवरणपत्राच्या दिवसांतला चार हा आकडा मला अजून खटकतो. त्या दिवसांत कामाचे तास कमी होत नाहीत तोवर टेबल आणखी काही करू शकेल असे वाटत नाही. विक्रीची बिले एकदम न चढवता रोज चढवण्याची पद्धत मालकांनी मे महिन्यापासून सुरू केली आहे.

दरम्यान, अक्का रजेवर असताना त्यांच्या जागी माल पाठवणारा तरुण बसतो, त्याची उंची १७८ सेंटिमीटर आहे. पहिल्याच दिवशी त्याचे गुडघे फळीला लागले आणि दोन दिवसांत पाठ धरली. त्याने फळी आत ढकलून कीबोर्ड टेबलावर घ्यायचा, खोके बाजूला करायचे आणि खुर्ची उंच करायची असे ठरले आहे. खुर्चीच्या दांड्यावर त्याच्यासाठी निळी आणि अक्कांसाठी लाल अशा रंगाच्या दोन खुणा केल्या आहेत.